पत्र्यावरचं पान

रावजी माझा पाठचा भाऊ. तीस साली, पाऊस सरता सरता, तापानं गेला. त्याची बायको त्याआधीच गेली होती. मागं राहिली दोन पोरं, सोळाचा काळू आणि अकराची सिंधू. मी सगुणा, लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आले ती कायमची. घरची चूल माझ्या हातात आणि मागच्या अंगणातली तांब्याची भट्टी रावजी आणि धाकटा भाऊ पुंजा यांच्या हातात, असा आमचा कारभार. नाशिकच्या तांबट आळीत अशी घरं पुष्कळ. सकाळी हातोड्यांचे ठोके सुरू झाले की शेजारणीशी भांडायचं तरी ओरडूनच भांडावं लागतं. लोक म्हणतात सगुणाबाई चिडकी. चिडकी कसली, मोठ्यानं बोलते एवढंच. बरं, चिडकीही आहे.

रावजी हंडा घडवण्यात एक नंबर, पण डोक्यात एक खूळ. गावात कॉलेज निघालं तेव्हापासून त्याचं चित्त तिकडे. रस्त्यानं पुस्तकं घेऊन पोरं निघाली की हा हातोडा खाली ठेवून बघत बसायचा. असंच एकदा बघत बसला आणि भट्टीतली ठिणगी उडून डाव्या डोळ्यात गेली. डोळा पांढरा झाला तो झालाच. "आक्का," म्हणायचा, "आपल्या घरातलं एक तरी पोर तिथं गेलं पाहिजे. मी अडाणी राहिलो ते राहिलो."

एक पोर म्हणजे कुठलं, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? घरात मुलगा एकच. आता हा मुलगा इंग्रजी तिसरीत दोनदा गचकला होता, ही गोष्ट वेगळी. काळू मनानं सोनं, पण पुस्तक उघडलं की त्याला जांभया यायच्या.

दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर गेलो. आमच्यात बायकाही जातात. पिंड मांडला, भटजींनी मंत्र म्हटले, आणि आम्ही मागं सरून उभे राहिलो. रामकुंडावरचे कावळे म्हणजे काय सांगायचं! पिंड ठेवायची खोटी, की लग्नघरच्या फुकट्या पाहुण्यांसारखे तुटून पडतात. पण त्या दिवशी समोरच्या कठड्यावर ओळीनं बसले होते आणि एकही हलत नव्हता. ओरडतसुद्धा नव्हता. रामकुंडावरचे कावळे गप्प बसलेले तुम्ही कधी पाहिलेत? मी पाहिलेत.

पुंजानं हात जोडले. "दादा, काळूला कॉलेजात घालू. शब्द देतो."

काही नाही.

"भट्टी बंद पडू देणार नाही. आक्काला अंतर देणार नाही."

काही नाही. ऊन डोक्यावर आलं. काळू बिचारा रडत म्हणाला, "आबा, मी अभ्यास करीन." कावळे आपले बसलेलेच. मग पुंजा म्हणाला, "सिंधूचं लग्न थाटामाटात करून देऊ." देवाशपथ सांगते, सगळ्यात पुढं बसलेल्या कावळ्यानं आमच्याकडे पाठ फिरवली.

आळीतली माणसं कुजबुजायला लागली. अमक्याची इच्छा राहिली, तमक्याचा जीव अडकला. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू या आता. सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा घोट नव्हता, भाऊ गेल्याचं दुःख होतं आणि वर ही नसती शोभा. माझं डोकं फिरलं. मी पुढं होऊन ओरडले, "अरे मेल्या राव्या, सगळं तर कबूल केलं! आता काय सिंधीला धाडू कॉलेजात?"

कावळा उठला. तोच, पाठ फिरवून बसलेला. सरळ खाली आला आणि पिंडावर बसला. अगदी दोन हातांवर होता माझ्यापासून. त्याचा डावा डोळा पांढरा होता.

त्यानं घास घेतला. मग बाकीचे उतरले.

भटजी पंचा सावरत म्हणाले, "बाई, शब्द दिलात तुम्ही."

"अहो, मी रागानं बोलले!"

"रागानं बोललात का हसून, ते तुमचं तुम्ही बघा. त्यांनी घास घेतला."

घरी आल्यावर पुंजा म्हणाला, "कावळ्यांच्या नादानं पोरीला शिकवायची? लोक तोंडात शेण घालतील." खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. चार इयत्ता मराठी झाल्या होत्या, पत्र वाचता येत होतं, पुष्कळ झालं. पुढंमागं एखादं स्थळ बघायचं, हातावर पाणी सोडायचं. सिंधू दाराआड उभी राहून ऐकत होती. रामकुंडावरून आल्यापासून तिचे डोळे नुसते लकाकत होते.

आमच्याकडे अमावास्येला भट्टी पेटत नाही. त्या दिवशी घरात जो गेला असेल त्याच्या नावानं मी भात, उडदाचा वडा आणि खीर केळीच्या पानावर वाढते आणि मागच्या पडवीच्या पत्र्यावर ठेवते. कावळा घास घेतो, मग आम्ही जेवतो. रावजीच्या नावाचं पहिलं पान ठेवलं, ते संध्याकाळपर्यंत तसंच. दुसऱ्या अमावास्येला तेच. कावळा नाही तर नाही, पण खिरीला मुंगी लागू नये? शेजारचं मांजर, भामटं, ज्यानं माझं दूध कधी सोडलं नाही, ते पत्र्यावर चढलं, पानाजवळ गेलं आणि अंग चोरून मागं सरलं. दुसऱ्या दिवशी मी पान उचललं तेव्हा भात अजून गरम होता. मी कुणाला सांगितलं नाही. हात मात्र राखेनं घासघासून धुतला.

मग भट्टीवर सुरू झालं. घडवलेल्या हंड्याला बुडाशी चीर जायची. एक हंडा, दुसरा हंडा. पुंजाचा हात तोच, तांबं तेच. ठोका मारला की पलीकडून कुणीतरी उलटा ठोका देतंय असं वाटतं, असं काळू म्हणाला. पुंजानं त्याला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, टोपी घालून, सिंधूला इंग्रजी शाळेत नेऊन बसवली. फी भरली.

पुढच्या अमावास्येला पान चाटूनपुसून साफ. पांढऱ्या डोळ्याचा कावळा कितीतरी वेळ पत्र्यावर चोच पुसत बसला होता.

तिथून आमच्या घरात हा कायदा झाला. फी भरली की पान साफ, फी तुंबली की पान जसंच्या तसं. एकदा पुंजानं चलाखी केली. फी भरली म्हणून मोठ्यानं सांगितलं, पत्र्याकडे तोंड करून, आणि भरली नव्हती. दुपार टळली तरी पानाला कोणी शिवेना. पुंजा गपचूप चपला घालून शाळेत गेला. तो परत येईपर्यंत पान रिकामं. मी हसले तर माझ्यावरच खेकसला. जिवंतपणी रावजीला दोन शब्द नीट बोलता यायचे नाहीत, आणि मेल्यावर बघा, सगळ्या घराला नाचवत होता.

सिंधू शिकत गेली. वर्गात पहिली-दुसरी यायची. घोकायला बसली की भट्टीच्या ठोक्यांवरही तिचा आवाज चढायचा, आत्यावर गेली दुसरं काय. आळीतल्या बायका मला नळावर विचारायच्या, "सगुणाबाई, पोरीला बॅलिष्टर करता का?" मी म्हणायची, "तुझ्या नवऱ्याचा खटला चालवायला हवंच कुणीतरी." पण रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, या पोरीचं काय होणार? आमच्यात एवढी शिकलेली मुलगी कोण करून घेणार?

सदतीस साली ती मॅट्रिक झाली आणि जूनमध्ये कॉलेजात गेली. गोल पातळ नेसून, पायात चपला घालून, आळीतून मान वर करून चालायची. सगळे ठोके थांबायचे. पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा मी विचारलं, "काय शिकवलं गं?" तर म्हणाली, "आत्या, तिथं कुणी मला पोरी म्हणत नाही. मिस म्हणतात." आणि अशी हसली, की मला माझा रावजी दिसला.

पण फी शाळेसारखी थोडकी नव्हती, आणि आमचा धंदा बसत चालला होता. बाजारात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी आली होती. हलकी, स्वस्त, पांढरीफटक. आमचा हंडा घ्यायचा तो लग्नात, एरवी गिऱ्हाईक नुसतं बोट वाजवून बघायचं आणि पुढं जायचं. पुंजा वाईट नव्हता हो. पण दिवसभर ठोके मारून हातात काही उरेना, आणि जे उरायचं ते पुतणीच्या कॉलेजात. फी वरचेवर तुंबायची आणि पत्र्यावरचं पान तसंच राहायचं.

सिंधूला ते कळत होतं. कॉलेजात जायला लागल्यापासून ती म्हणायची, "आत्या, कावळा हा पक्षी आहे. त्याला भूक लागली की तो खातो. बाकी सगळा आपल्या मनाचा खेळ." वर असं बोलायची, आणि अमावास्येला पान रिकामं झाल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायची नाही. एकदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "माझ्यापायी आबा उपाशी राहत असतील तर नको मला ते कॉलेज." मी तिच्या डोक्यात टपली मारली. "मेलेल्याला कसली गं भूक?" पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

मग यंदाचा जून आला. अडतीस साल. सिंधूचं कॉलेजातलं एक वर्ष झालं होतं, बी. ए. व्हायला अजून तीन वर्षं होती. फी भरायचे दिवस आले आणि नेमकं त्याच वेळी सिन्नरचं स्थळ चालून आलं. मुलगा भांड्यांच्या दुकानातला, घर खाऊनपिऊन सुखी. शिकलेली चालेल म्हणाले, पण आता पुढं शिकायचं नाही.

पुंजानं आम्हाला सगळ्यांना बसवलं. "आक्का, तू शब्द काय दिला होतास? कॉलेजात धाडू. धाडलं. वर्षभर शिकवलं. आता या अमावास्येला फी न भरता पान ठेवायचं. कावळ्यानं घास घेतला तर दादा तृप्त झाला, पोरीला सिन्नरला उजवून टाकू. नाही घेतला, तर घरातले जुने हंडे मोडीत घालीन पण फी भरीन. पुन्हा तोंडातून ब्र काढणार नाही. बोला."

सिंधूचा चेहरा पिठासारखा झाला. पण म्हणाली, "चालेल, काका."

नंतर स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. "आत्या, वर तूच असशील. जे दिसेल ते खरं सांग. माझी शपथ आहे तुला. आबांना भूक लागली असेल तर जेवू दे त्यांना."

अमावास्येच्या दुपारी मी पान वाढलं. पुंजाची वर यायची छाती नव्हती. काळूला घेऊन तो पुढच्या ओट्यावर बसला. सिंधू खाली माजघरात. मी पत्र्यावर पान ठेवलं आणि माडीच्या खिडकीत येऊन बसले. आळी चिडीचूप. सगळीकडे भट्ट्या बंद. आभाळ भरलेलं, वाऱ्याची झुळूक नाही.

तो आला. कुठून आला ते दिसलं नाही, पत्र्यावर नखं वाजली तेव्हा कळलं. वाळला होता. पंखांवरचं तेज गेलेलं, छातीचं हाड वर आलेलं. पानाभोवती एक फेरी मारली, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, आणि भातात चोच घातली.

जेवत होता. हावऱ्यासारखा, मान झटकत, न थांबता. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सुटलो, म्हटलं. भाऊ तृप्त झाला, पोरगी चांगल्या घरी पडली, आता मी डोळे मिटायला मोकळी.

तेवढ्यात खालून सिंधूचा आवाज आला. ती वाचत होती. इंग्रजी होतं, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आज कदाचित शेवटचंच, हे तिला ठाऊक होतं. तरी आवाज कापत नव्हता, उलट रोजच्यापेक्षा सावकाश वाचत होती. शेवटचा लाडू मूल कसं पुरवून पुरवून खातं, तसं. मला कधी कुणी विचारलं होतं का, सगुणे, तुला काय हवंय? विधवा झाले तेव्हा पंधराची होते. कुणीतरी आणून घातलं आणि कुणीतरी परत आणलं. ही पोरगी तरी स्वतःच्या पायानं कुठंतरी जात होती.

भरल्या पानावरून माणसाला उठवणं यासारखं पाप नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. वैऱ्यालासुद्धा उठवू नये. मी हातात झारा घेतला, खिडकीतून पत्र्यावर उतरले आणि खाली ऐकू जाऊ नये म्हणून जन्मात पहिल्यांदा आवाज दाबून बोलले.

"हुश्श! ऊठ! ऊठ पानावरून, राव्या!"

तो उडाला नाही. चोचीत भात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. मी झारा उगारला. "ऊठ म्हणते ना! तू जेवलास तर ती चालली सिन्नरला भांडी घासायला. बाप ना तू तिचा? मग राहा उपाशी. ती बी. ए. होईस्तोवर शितालासुद्धा शिवायचं नाही, सांगून ठेवते!"

त्यानं चोच उघडली. भात पानावर पडला. दोन पावलं मागं सरला आणि तसाच बसून राहिला, मान खाली घालून. लहानपणी मी रागावले की असाच बसायचा.

मी बोटांनी भात सारखा केला, वाढायला वर आणलेल्या पातेल्यातला डावभर भात घालून खळगा बुजवला. खाली आले. "नाही शिवला," म्हटलं.

सिंधूनं माझ्या डोळ्यांत बघितलं. "खरं?"

"खरं."

ती भिंतीला डोकं टेकून रडली. कॉलेज वाचलं म्हणून की बाप उपाशी राहिला म्हणून, कोण जाणे. पुंजानं दोन जुने हंडे मोडीत घातले आणि फी भरून आला. शब्दाला जागला.

त्याच दिवशी मी पान घेऊन पुन्हा पत्र्यावर गेले. म्हटलं, "ये बाबा, फी भरली. आता जेव पोटभर." तो आला. पानासमोर बसला. चोच मिटलेली. संध्याकाळ झाली, दिवस बुडाला, त्यानं शितालाही तोंड लावलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय बोलून बसले होते ते.

पुढच्या अमावास्येला तेच. त्याच्या पुढच्याही. एकटी असताना शब्द मागं घेता आला असता, पण पुंजाचं मन पुन्हा फिरलं आणि बिनफीचं पान ठेवलं तर हा भुकेला जेवणारच, म्हणून घेतला नाही. आणि सर्वपित्रीला तर पुंजा स्वतः वर आला, काळू आला, सिंधू आली. सगळे खिडकीत उभे. पान भरगच्च वाढलेलं. तो आला, आता त्याच्या अंगावर पिसं तेवढी उरली होती. पानाजवळ गेला, खिरीवर वाकला, आणि थांबला. पुंजाला रडूच फुटलं. "दादा, फी भरलीय रे! दिवाळीनंतरचीही भरीन. जेव की!" त्यानं पुंजाकडे बघितलं नाही. सिंधूकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि वाट बघत बसला.

एवढंच म्हणायचं होतं मला, की राव्या, मी रागानं बोलले, जेव. त्यानं ऐकलं असतं. लगेच जेवला असता. आणि सगळ्यांच्या देखत जेवला असता, म्हणजे सगळ्यांना सगळं कळलं असतं.

सिंधूनं माझा हात धरला. "आत्या, आबांना आणखी काय हवंय गं?"

"तुझं बी. ए.," मी म्हटलं. "दुसरं काय?"

पुंजानं मान डोलवली. "पटलं," म्हणाला. "तोपर्यंत थांबणार तो. हट्टी होताच." आणि डोळे पुसत खाली गेला. आता सिन्नरचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही.

परवाच्या अमावास्येलाही मी पान ठेवलं. ठेवलंच पाहिजे. त्या दिवशी मीही जेवत नाही, पित्त झालंय म्हणून सांगते. भावाला समोर उपाशी बसवून कुणाच्या घशाखाली घास उतरेल? सिंधू खाली वाचत होती. तो पत्र्यावर बसला होता, मी खिडकीत. आम्हा दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती थांबेपर्यंत आम्ही ऐकत बसलो.